आंबीचं फडकं

माघ लागला की माझ्या पिंढऱ्या हुळहुळायला लागतात. यात शास्त्र काही नाही, हे मलाही कळतं. मी चिखलीत राहते, एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला रोज स्कूटीवरून जाते, आणि हरभऱ्याच्या वावरात पाय ठेवून मला कितीतरी वर्षं झाली. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हरभरा घाट्यावर आला, सकाळच्या दवात त्याचा आंबूस वास नाकात शिरला, की पायांना आठवतं. हरभऱ्यात उघड्या पायांनी शिरलेल्या माणसाला ठाऊक असतं की त्या पानांवर पहाटे जे पाणी धरतं ते आंबट असतं आणि कातडीला चावतं. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात.

तुरी सोंगून झालेल्या असतात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. गहू हिरवा सोडून पिवळ्याकडे निघालेला असतो, आणि दुपारी ऊन पाठीवर बसलं तरी नकोसं होत नाही. लोक म्हणतात, वर्षातला हा सगळ्यात गोड महिना. असेल बापडा. याच महिन्यात स्कॉलरशिपची परीक्षा असते, आणि माझ्यासाठी हा महिना ओल्या कापडाचा आहे.

सांगूनच टाकते. मी नऊ वर्षांची असताना अंथरुणात शू करत होते. तान्ही असताना सगळेच करतात. मी चांगली चौथीत असताना करत होते, तीसपर्यंतचे पाढे आणि सगळ्या जिल्ह्यांची नावं पाठ असताना. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. लिहून झाल्यावर मान वळवून मागे पाहिलं, कुणी वाचत तर नाही ना. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलाखती देऊन नोकरीला लागलेली, आणि स्वतःच्या घरात मान वळवून मागे बघते.

आमचं गाव उंद्रीच्या अलीकडे. बाबा गावातल्याच शाळेत शिकवायचे. घरी ते बाबा, शाळेच्या फाटकाच्या आत गुरुजी. फाटक ओलांडताना मला जीभ बदलावी लागे, आणि एकदा भर वर्गात 'बाबा' म्हटलं तर पोरं आठवडाभर हसली. बाबा मारकुटे नव्हते. मारायचे ते फक्त मला, कारण मास्तरच्या पोरीला सूट मिळते असं गावानं म्हणायला नको. त्यांच्या चौथीच्या वर्गातली पोरं स्कॉलरशिपच्या यादीत लागत. यादी लागली की दिवसभर ते सायकलची घंटी विनाकारण वाजवत फिरायचे. त्या घंटीसाठी ते वर्षभर जगत असावेत असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच कळायचं की यंदा चौथीत मी आहे, आणि मी लागले नाही तर ती घंटी वाजणार नाही.

दिवाळीनंतर ज्यादा तास सुरू झाले आणि माझं ते सुरू झालं. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. स्वप्न ठरलेलं असायचं. मी उठून मोरीत जाते आहे, बसते आहे, सगळं कसं जागच्या जागी आहे. मग ऊब लागायची. ती ऊब मला अजून आठवते, कारण त्या दोन-चार क्षणांपुरती मला कसलीच काळजी नसायची. त्यानंतर गार पडायचं.

आईनं मला कधी मारलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं उपाय केले. "संद्याकायपासून पानी पिऊ नको, माय," म्हणाली. मी दुपारपासूनच सोडलं. पोटात थंडी बसली म्हणून असं होतं, ही तिची पक्की समजूत, म्हणून तीळ-गुळाचे लाडू सुरू झाले. लाडू खाऊन खाऊन माझी एक दाढ किडली, अंथरूण ओलंच राहिलं. रोज वाकळ धुणं तर शक्य नव्हतं. शेवटी तिनं बाबांचं जुनं धोतर फाडून त्याची चौपदरी घडी केली आणि माझ्याखाली घालायला सुरुवात केली. सकाळी बाबा आंघोळीला गेले की ती धोतर खळखळून धुवायची आणि चुलीपाठीमागे वाळत टाकायची. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आम्हा दोघींचं न बोलता ठरलेलं होतं.

हरभरा फुलावर आला आणि आईला बिचारीला एक कारण सापडलं. धोतर बाहेर, तुराट्यांच्या कुंपणावर आलं. शेजारच्या शेवंताकाकूंची नजर त्यावर पडायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

"मास्तरीनबाई, रोज रोज एकच धोतर काऊन वाळू घालून राह्यल्या वं?"

"आंबीचं फडकं हाय ते," आई म्हणाली. "राती हरभऱ्यावर टाकलं होतं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सांजच्याला हरभऱ्याच्या झाडांवर पातळ पांढरं फडकं पसरून ठेवतात. रात्रभरात ते आंबीनं भिजतं. सूर्य वर यायच्या आत जाऊन ते पिळायचं, बाटलीत भरायचं, आणि वर्षभर पोटदुखीला, अपचनाला चमचाभर द्यायचं. असं फडकं कुंपणावर दिसलं तर कुणी नाक मुरडत नाही, उलट दोघी-चौघी आशेनं बघतात. काकूंनीही तेच केलं.

"हाव काय? मंग मले शिशीभर द्या ना. आमच्या बुढ्याचं पोट लय दुखून राह्यलं."

आता आली का पंचाईत. आई हसून "देतो ना" म्हणाली, आणि त्या संध्याकाळी खरोखरच एक फडकं घेऊन आमच्या दोन एकराच्या वावराकडे निघाली. मलाही बरोबर घेतलं. पाय चावत होते, अंधारून येत होतं, आणि ती वाकून एकेका ओळीवर फडकं नीट ताणून पसरत होती. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी पुन्हा तिथं. पिळून अर्धी शिशी भरली. मग ते रोजचंच झालं. एक खोटं जगवायला तिला रोज दोन खेपा घालाव्या लागत. गावात आमच्या आंबीचा बोलबाला झाला. बाबांनी एक बाटली हेडमास्तरांना नेऊन दिली आणि घरी येऊन म्हणाले, "यंदा आंब मोठी चांगली जमून राह्यली." आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. मी मात्र हसले, आणि मग हसू आल्याचीच मला भीती वाटली.

परीक्षेला महिना उरला की बाबांच्या वर्गातली पोरं शाळेत मुक्कामाला यायची. आजूबाजूच्या गावांतही ही रीत होती. घरी धड दिवा नाही, शांतता नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपली वाकळ गुंडाळून शाळेत आणायची. पोरं एका खोलीत गुरुजींबरोबर, पोरी दुसऱ्या खोलीत. आमच्यासोबत शाळेत पाणी भरणाऱ्या कमलाबाई झोपायच्या. पहाटे चारला घंटा. आईबापांना याचं केवढं कौतुक! बाकीच्या पोरींनाही ती मजाच वाटायची, जत्रेला निघाल्यासारख्या त्या आल्या होत्या. माझं धाबं दणाणलं होतं. आईनं धोतराची घडी वाकळीच्या आत शिवून दिली आणि कानाशी म्हणाली, "जागी राहजो माय."

मी जागी राहिले. हाताला चावे घेत, मनात पाढे म्हणत, कमलाबाईंचं घोरणं मोजत. आठ-दहा दिवस मी कसे काढले देव जाणे. दिवसा फळ्यावरची अक्षरं हलायची. बाबा म्हणायचे, लक्ष कुठं आहे तुझं, आणि छडी.

माझ्या शेजारी सुजाताचं अंथरूण असायचं. सुजाता आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. बाबाही तसं म्हणत, आणि माझ्यासमोर म्हणत. बुद्धिमत्तेचे जे प्रश्न मला सुटत नसत, त्यांत तिला गंमत वाटायची. गुडघ्यावर बोटानं काहीतरी गिरवायची आणि उत्तर सांगून मोकळी. ती माझ्याशी कधी आगाऊपणानं वागत नव्हती. तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली तिची वाकळ माझ्या वाकळीपेक्षा पातळ होती, तरी गार वारा सुटला की ती तिचं अर्धं टोक माझ्यावर टाकायची.

अकराव्या की बाराव्या दिवशी मला झोप लागली. जाग आली ती घंटेनंच. खालची फरशी सुजाताच्या बाजूला उतरती होती. कमलाबाईंनी दिवा लावला तेव्हा ओघळ माझ्याकडून निघून तिच्या वाकळीखाली जाऊन थांबला होता. माझ्याखालचं धोतरानं बरंचसं पिऊन घेतलं होतं. तिची पातळ वाकळ मात्र एका बाजूनं काळी दिसत होती.

"कोनं केलं वं हे?" कमलाबाईंनी विचारलं. विचारलं खरं, पण बघत त्या सुजाताकडेच होत्या. सगळ्याच पोरी तिच्याकडे बघत होत्या. माझं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गुरुजींची पोरगी असं कसं करील? आणि सुजाताचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धपुऱ्यात. बाप दुसऱ्यांच्या वावरात कामाला. तिच्याबद्दल वाईट काही खरं मानायला कुणाला वेळ लागत नसे. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती आणि मी माझी वाकळ गुंडाळत होते.

बाबा दाराशी आले. कमलाबाईंनी सांगितलं. बाबा रागावले नाहीत, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुजाता, आजपासून घरीच झोपत जाय बेटा. सकाळी घंटा झाली की येजो." सुजातानं वाकळ उचलली आणि निघाली. मी माझी वळकटी आवळून बांधली.

एक गोष्ट मला पुढं किती तरी वर्षं कळूनही न कळल्यासारखी होती. त्या दिवशी सकाळी घरी जाताना बाबांनी माझी वळकटी स्वतःच्या हातात घेतली. त्यांनी त्याआधी माझं दप्तरसुद्धा कधी उचललं नव्हतं. ओल्या वाकळीला वजन असतं. तिला वासही असतो. शाळेपासून घरापर्यंत ती त्यांच्या काखेत होती, आणि ते समोर बघत चालत होते. घरी आल्यावर त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि आंघोळीला गेले. म्हणजे त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुजाताला परत बोलावता आलं असतं. ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. बापलेकीत आमच्या एवढंच एक गुपित आहे.

चारच्या अंधारात खालच्या अंगावरून शाळेत एकटं यायचं म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला सोपं नव्हतं. सुजाता तीन-चार दिवस उशिरा आली. मग पोरांनी तिला एक नाव ठेवलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. मग ती आलीच नाही. तिची आई एकदा शाळेत येऊन गेली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "गुरुजी, माही पोरगी असं कधीच नाई करत हो." बाबा म्हणाले, "ताई, लेकरं थकतात, होते कधी कधी. तुम्ही मनाले नका लावून घेऊ." किती चांगलं बोलले! खिडकीतून मी ते ऐकलं. ती बाई नमस्कार करून गेली.

मी यादीत लागले. शेवटून तिसरी, पण लागले. सायकलची घंटी वाजली. आणि परीक्षा झाल्यापासून माझं अंथरूण कोरडं होतं. कुणी दोरा बांधला नव्हता की औषध दिलं नव्हतं. पेपर संपला आणि ते थांबलं. आईनं फडकं कपाटात घडी करून ठेवलं. यातून आम्ही कुणीच काही शिकलो नाही. आई म्हणाली, तिळानं गुण आला.

एवढं सगळं आठवून माणसानं शहाणं व्हायला हवं की नाही? माझी मुलगी गार्गी पाचवीत आहे. आता स्कॉलरशिप पाचवीला असते. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर वेळापत्रक आहे, माझ्या अक्षरात, तीन रंगांच्या पेनांनी. पहाटे पाच, गणित. सराव परीक्षा झाली की क्लासचे सर मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे मार्क टाकतात, आणि मी भाजी फोडणीला टाकून ते बघते. दर रविवारी गावाहून बाबांचा फोन येतो. थकलेत आता, ऐकू कमी येतं, पण पहिला प्रश्न तोच असतो, "किती पडले गार्गीले?" तिच्या तोंडून 'मले' निघालं की मी 'मला' म्हणायला लावते. तिचे वडील खामगावला नोकरीला, शनिवारी येतात, आणि लाड करून सोमवारी जातात. मी वाईट आई नाही. मी काळजी घेते. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

दिवाळीनंतर गार्गीचं सुरू झालं.

मी रागावले नाही, शपथेवर सांगते. एकदाही नाही. मी चादर ओढून काढते, मशीनमध्ये टाकते, गादीवरचं प्लास्टिक पुसते, आणि एक उसासा टाकते. तो येतोच, मला थांबवता येत नाही. त्या उसाशाबरोबर गार्गीचे खांदे वर जातात, कानांपर्यंत. माझे असेच जायचे, छडी उचलली गेली की. मला ते दिसतं. दिसूनही दुसऱ्या दिवशी उसासा येतो. चादर मी बाहेरच्या दोरीवर टाकत नाही, समोरच्या गॅलरीत सतत कुणीतरी बसलेलं असतं. आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवते. इथं आसपास हरभरा नाही, त्यामुळे मला कुठलं कारणही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात चिखलीच्या बसस्टँडवर कुणीतरी मागून हाक मारली. वळून बघते तर सुजाता. कितीतरी वर्षांनी. केसांत माझ्याइतकेच पांढरे, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर ते जुनंच मोकळं हसू. आमच्याच गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. मिटिंगला आली होती.

"गुरुजी कसे हायत वं?"

"बरे आहेत. ऐकू कमी येतं."

"आन तुही पोरगी?"

बरी आहे म्हणाले. मग मीच विचारलं, अंगणवाडीत फार काम पडत असेल ना, लहान पोरं म्हणजे. ती हसली. "काम काय वं. पोरं नवीन येतात, भेतात, रोज मुततात. धुतो मी. म्हयनाभरानं होते बंद. भ्यालं लेकरू की होतेच वं ते. त्याले रागवून काय होते?"

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. टोमणा नव्हता, खरंच नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. जे कळायला मला पुढं डॉक्टर लागला, ते ती पिशवी या हातातून त्या हातात घेता घेता बोलून गेली. मी म्हणू शकत होते, सुजाता, त्या दिवशी मी होते. चार शब्द. तिची एसटी लागली. "येजो घरी," म्हणाली आणि खिडकीत जाऊन बसली. गाडी हलेपर्यंत मी हात हलवत राहिले.

त्यानंतर आठवड्यानं मी गार्गीला बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, छान बोलल्या. तपासण्या झाल्या, सगळं व्यवस्थित. गार्गी उंच स्टुलावर बसून पाय हलवत होती. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुम्हा दोघांपैकी कुणाला लहानपणी होता का हा त्रास? बऱ्याचदा घरात असतो. आणि मुलांना ते कळलं ना, की त्यांना फार धीर येतो."

गार्गीचे पाय थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला तेवढंच हवं होतं. आपण एकटे नाही, एवढं एक वाक्य.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे कुणालाच नाही."

का म्हणाले? स्वतःला विचारून मी थकले. एकदा 'हो' म्हटलं की पुढचंही सांगावं लागलं असतं, शाळेतली खोली, ती वाकळ, ती निमूट निघून गेलेली पोरगी. आणि बाबांच्या काखेतली वळकटी. धागा ओढला की सगळंच उसवतं अशी मला भीती. भीतीच ती, दुसरं काय. नऊ वर्षांची असताना तिनं माझं तोंड बंद केलं आणि मी अजून ते उघडलेलं नाही. गार्गी खाली बघायला लागली.

"तिला कसली भीती वाटते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिला? छे. काही कमी नाही हो तिला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काही दिवस ते पहाटेचं उठणं, ते मार्क, जरा बाजूला ठेवा. औषध यावर तेच." मी म्हणाले, "परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय हो." परत येताना मी मनाशी मोठा उदारपणा केला. पाचचा गजर साडेपाचवर नेला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सराव परीक्षेत बारा मार्क कमी आले आणि गजर पुन्हा पाचवर गेला.

मग एक नवल झालं. चादर कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी, तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला जवळ घेतलं, शाबास म्हणाले, तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं. गार्गी नुसती हसली. जरा ओढलेली दिसत होती. मी म्हटलं, अभ्यासाचं जागरण.

पाचव्या दिवशी मला गजराच्या थोडी आधी जाग आली. गार्गीच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर चादर ताणलेली, सुरकुती नाही, उशीला खळगा नाही. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. ढकललं. आत फरशीवर, कपडे धुण्याच्या कोपऱ्यात, गार्गी पाय पोटाशी घेऊन झोपली होती. अंगाखाली काही नाही. उशाला रिकामी बादली उलटी करून तिच्यावर टॉवेलची घडी ठेवलेली. तिनं ते सगळं किती नीट केलं होतं.

मी खाली बसले. तिचे पाय बर्फासारखे गार होते. हात लावला तशी ती दचकून उठली आणि पहिल्यांदा फरशीवर हात फिरवून बघितला.

"इथं झालं तरी चालते आई," ती म्हणाली. "पाणी टाकलं की जाते. तुला धुवावं नाही लागत."

चार दिवस. शाबास म्हणाले होते मी.

मग मी ते बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या ओल्या कोपऱ्यात, तिचे पाय मांडीवर घेऊन. "गार्गी, मलापण व्हायचं गं. तुझ्याएवढी असताना. रोज व्हायचं. मीपण जागी राहायची, हाताला चावे घ्यायची." आवाज माझा नव्हताच. वाटलं होतं हे बोलल्यावर तिचा चेहरा उजळेल, ती गळ्यात पडेल, आम्ही दोघी रडू.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मोठ्या माणसाला समजून घेतात तसं.

"डॉक्टरले तं तू नाही म्हटलं होतं," ती म्हणाली.

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"जाऊ दे आई. माझ्यासाठी खोटं नको बोलू." तिनं पाय हळूच काढून घेतले. "मी आता करणार नाही, पक्कं."

मी सुजाताचं नाव घेतलं, आंबीचं सांगितलं, धोतराची घडी सांगितली. काय काय सांगत होते मी. तिनं गोष्ट ऐकतात तसं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिनं ते काही खरं धरलं नाही. तेवढ्यात गजर वाजला. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, टॉवेल जागेवर टांगला, बादली सरळ केली. टेबलाशी जाऊन सराव पेपर काढला, वर तारीख लिहिली, नाव लिहिलं.

"आई, वेळ लाव," तिनं हाक मारली.

मी लावली.